केस येईपर्यंत

माझे बाबा आमच्या कुत्र्याला अहो-जाहो करायचे. “चला, फिराले येता का?” “जेवून घ्या आता, थंडं होऊन राहिलं.” घरी आलेला नवखा माणूस हे ऐकून आधी इकडेतिकडे पाहायचा आणि मग खाली. कारण साधं होतं. कुत्रा जावयाच्या घरचा. जावयाच्या घरच्या कोणाला अरे-तुरे करायचं नाही ही बाबांची रीत, आणि समोरच्याला पाय किती आहेत हे रीत पाळणारा माणूस मोजत बसत नाही.

आई गेल्यावर मी त्यांना कळमेश्वरहून मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले होते. कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या लेखी लाजच. पूर्वी ते माझ्याकडे यायचे तेव्हा पाण्याचा पेलासुद्धा अर्धाच प्यायचे. आता ते राहायलाच आले होते, फक्त ते तसं कबूल करत नव्हते. त्यांची निळी बॅग दिवाणाखाली कायम भरलेली. कपडे धुतले, वाळले, घडी केली की परत बॅगेत. मी कपाटातला एक अख्खा कप्पा रिकामा करून दिला, तर त्यात त्यांनी दाढीचं सामान तेवढं ठेवलं, तेही अगदी कडेला, पटकन उचलता येईल असं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “आठ दिवसांनी जाऊन राहिलो.” हे आठ दिवस दीड वर्षापासून चालू होते.

आणि फुकट खायला नको म्हणून दिवसभर काही ना काही करायचे. आमच्याकडचे न गळणारे नळ त्यांनी दुरुस्त केले, तेव्हापासून ते गळतात.

कुत्रा मोठ्या जातीचा स्पिट्झ, पांढराशुभ्र, नुकत्याच पिंजलेल्या कापसासारखा. मे महिना लागला तशी त्याची जीभ बाहेर आली ती आत जाईना. कूलरसमोरची जागा त्याची, तरी धापा टाकणं चालूच. बाबा त्याच्याकडे बघून हळहळायचे. “एवढा कोट घालून कसे राहत असतीन बिचारे!” मी ऐकायची आणि भाजी चिरायची. तेव्हाच शंका यायला हवी होती.

एक दिवस आम्ही दोघं ऑफिसला गेलो असताना बाबांनी त्याला ऑटोत घातलं आणि जनावरांचे केस कापतात त्या काचेच्या दुकानात नेलं. तिथे ते काय बोलले असतील हे मला न सांगता कळतं, कारण दर उन्हाळ्यात ते आपल्या न्हाव्यालाही तेच सांगतात. “गरमीचे दिवस आहेत, एकदम बारीक करा.” दुकानदाराने विचारलं, “झिरो मारू का काका?” बाबा म्हणाले, “मारा.”

संध्याकाळी मी दार उघडलं तर समोर एक गुलाबी प्राणी उभा. मला खरंच वाटलं, डुकराचं पिल्लू शिरलं घरात. मग त्याचं डोकं दिसलं. डोकं तेवढं दुकानदाराने राखलं होतं, आणि शेपटीच्या टोकाला एक झुबका. मधलं सगळं साफ. त्याच्यामागे बाबा, अभिमानाने फुललेले. “पाह्य बरं, कसे हलके झाले!”

मी तोंडाची फटकळ आहे. त्या दिवशी तर माझं तोंड माझ्याही पुढे धावलं. बाबांचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि ते कूलरचं पाणी बघायला निघून गेले. कूलर भरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबा हट्टाने सोबत आले. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ आणि वरचा राठ. थंडी जशी ते अडवतात तसं ऊनही अडवतात. आता कातडी उघडी पडली, भाजेल. दिवसा बाहेर काढू नका, कूलरच्या थेट झोतात बसवू नका, अंगावर सुती काहीतरी घाला, हे मलम लावा. बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, “खिशात कांदा ठेवला तर? लू नाही लागत.” बाई म्हणाल्या, कुत्र्यांना कांदा विषासारखा, जवळसुद्धा नेऊ नका. बाबांनी निमूटपणे स्वतःच्या सदऱ्याच्या खिशातला कांदा काढला आणि बाहेर जाऊन टाकून आले. आत आल्यावर त्यांनी एकच विचारलं. “केस परत येतीन ना?”

“येतील. पण वेळ लागेल. कधीकधी पहिल्यासारखे येतही नाहीत.”

घरी आल्यावर बाबांनी दिवाणाखालून निळी बॅग ओढली.

“मी उद्या कळमेश्वरले जातो. लेकीच्या घरी राहून नुकसान करून ठेवलं.”

कळमेश्वरच्या त्या घरात आईच्या फोटोशिवाय दुसरं कोणी नव्हतं. दोन वेळा खिचडी टाकून जगतील आणि फोनवर मला सांगतील, सगळं बरं आहे. पण मीच आदल्या दिवशी एवढं बोलून बसले होते, आता राहा म्हणायला जीभ वळेना. माझा नवरा एरवी घरातल्या कुठल्याही प्रसंगात मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, “मामाजी, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. याच्याकडे कोण पाहणार? याला मलम कोण लावणार?”

बाबा बॅगेच्या पट्ट्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे, जवाईबापू. केस येईपर्यंत राहतो. केस आले का मी चाललो.”

असा करार झाला. मला तेव्हा हायसं वाटलं. त्यात गोम काय आहे ते नंतर लक्षात आलं.

बाबांनी कामाला सुरुवात केली ती फिटरच्या पद्धतीने. टेप घेऊन कुत्र्याची छाती मोजली, पोट मोजलं, पुढच्या पायांमधलं अंतर मोजलं. मग बॅगेतून स्वतःची दोन नवी बनियनं काढली, कात्री चालवली आणि हाताने शिवून त्याचे अंगरखे केले. कुत्रा बनियनमध्ये गॅलरीत उभा राहिला की अगदी रिटायर झालेल्या माणसासारखा दिसायचा, हातात पेपर तेवढा नव्हता.

पण कुत्र्याने अबोला धरला होता. मला आणि नवऱ्याला तो जवळ येऊ द्यायचा. बाबा खोलीत आले की उठायचा आणि दिवाणाखाली, बॅगेच्या मागे जाऊन बसायचा. बाबांनी वाटी पुढे केली तर तोंड फिरवायचा. बाबा जमिनीवर आडवे होऊन दिवाणाखाली बघत समजूत घालायचे, “चुकलो म्हनलं ना! आता किती दिवस असं कराल?” आतून फक्त सुस्कारा. आपल्यावर कोणी रागावलं तर निदान भांडता येतं. सुस्काऱ्याशी कसं भांडायचं?

मग एका शनिवारी बाबा कटिंगला गेले आणि चकोट करून परत आले. डोकं तर गेलंच, मिशीही गेली. ज्या मिशीवरून आई त्यांना आयुष्यभर चिडवत आली ती मिशी. आई गेल्यावर उतरली होती, त्यानंतर त्यांनी ती मोठ्या निगुतीने परत वाढवली होती.

“बाबा, हे काय?”

“त्यायले एकट्याले लाज वाटून राहिली. आता दोघं झालो.”

उजाडायच्या आत ऊन नसतं म्हणून रविवारी पहाटे बाबा कुत्र्याला अंगरखा घालून खाली चक्कर मारायला घेऊन गेले. तो दोरीच्या टोकाला, होईल तेवढा लांब चालत होता. इमारतीतल्या बऱ्याच लोकांनी बाबांना पाहिलं.

नऊच्या सुमारास बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांच्यामागे आणखी तिघी. डोक्यावर पदर. सोफा रिकामा असून चौघी खाली बसल्या.

“चहा टाकते,” मी म्हटलं.

“राहू दे वं माय. आज चहा नको.”

मला वाटलं, सगळ्यांचा उपास असेल. म्हणून मी शेंगदाणे आणले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाटी मागे घेतली. एकीने पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे सरकवला. पिठलं आणि भाकरी, अजून गरम. मी म्हटलं, अरे वा! चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात नवरा आंघोळ करून शीळ घालत बाहेर आला आणि एवढ्या बायका पाहून टॉवेल सावरत परत आत पळाला. काकूंनी माझा हात हातात घेतला. “मन घट्ट कर. वडलायले सांभाळ.”

त्याच वेळी कुत्रा काय चाललंय ते पाहायला दिवाणाखालून बाहेर आला. त्याचा अंगरखा धुवायला टाकलेला. गुलाबी, उघडाबोडका तो सगळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. “माय वं! मुक्या जनावराचंबी केलं! किती जीव होता म्हना!”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. बाबांचं डोकं, मिशी, गरम पिठलं, चहा नको. आमच्या घरात कोणीतरी वारलं होतं आणि आम्हालाच पत्ता नव्हता.

“काकू, कोणी गेलं नाही हो,” मी म्हटलं. “सगळे जिवंत आहेत.”

“मंग यायनं मिशी काहून काढली?”

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते. ते पुढे आले, चौघींसमोर मांडी घालून बसले आणि अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुकान, झिरोची मशीन, डॉक्टरीणबाई, अबोला. सांगता सांगता ते “दोघं झालो”पर्यंत आले आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. मग काकू सुटल्या, मग बाकीच्या. आई गेल्यानंतर बाबांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मीही हसत होते.

एवढा गोंधळ कशाचा म्हणून कुत्रा बाबांजवळ गेला. त्यांच्या तुळतुळीत डोक्याचा त्याने नीट वास घेतला, मागून, पुढून, कानाजवळ. आणि मग ते चाटायला सुरुवात केली. बाबा हलले नाहीत. “चालू द्या,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी दुपारी काकूंचं पिठलं आम्ही जेवलो आणि कोरडी भाकरी बाबांच्या हातून कुत्र्याने खाल्ली.

त्यानंतर त्या दोघांनी मला घरात जागाच ठेवली नाही. दुपारभर चटई, ओलं फडकं, मलम. बनियनं चाटून चावून फाटली तेव्हा बॅगेतून नवं धोतर निघालं. ते संपलं तेव्हा एका संध्याकाळी मी आले तर बाबा चष्मा लावून हिरव्या सुती कापडाला टाके घालत होते. तो काठ मी कुठेही ओळखला असता.

“बाबा, हे आईचं लुगडं?”

“तिले काही राग नाही येनार. वापरलेलं नरम असते. नव्या कापडानं यायच्या आंगाले खाज सुटते.”

दीड वर्ष ती बॅग मला दिवाणाखाली खुपत होती. आत हे आहे हे मला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडले. नळ तसाही गळतच होता.

पोळा झाला तोवर त्याच्या पाठीवर लव आली. एरवी मी आनंदाने उड्या मारल्या असत्या, पण आता करार आठवायचा. केस आले की बाबा चालले. बाबा रोज सकाळी त्याच्या अंगावरून हात फिरवून विचारायचे, “आले का वं पूर्न?” मी म्हणायची, “कुठे, मांडीला बघा किती पातळ आहे.” नवरा म्हणायचा, “शेपटी राहिली, मामाजी.” केस तर यायला हवे होते, कुत्र्याचे हाल मला पाहवत नव्हते. पण आले नसते तरी चाललं असतं, असंही वाटायचं. देवापुढे उभी राहिले की नेमकं काय मागावं ते कळत नसे. दसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहिलं आणि बाबांच्या देखत म्हणाल्या, “वा! अगदी पहिल्यासारखा कोट आला!” मी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्या गांगरल्या.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी दिवाणाखालून निळी बॅग ओढली. मी दारात उभी होते. नवऱ्याने मोबाइल बाजूला ठेवला. बाबांनी चेन उघडली आणि आत बघत राहिले. त्यांच्या ठेवणीतल्या कपड्यांपैकी आत काहीच नव्हतं. रोजचे कपडे कधीपासून कपाटातल्या त्या कप्प्यात गेले होते, मलम लावायच्या घाईत बॅग ओढत कोण बसणार? आत फक्त धुऊन घडी केलेले अंगरखे होते. सगळ्यांत वर हिरवा.

कुत्रा, आता पुन्हा कापसाचा ढीग झालेला, येऊन बॅगेत तोंड घालू लागला. बाबांनी त्याला कोपराने बाजूला केलं. “सरक ना रे गधड्या, पाहू तर दे!”

मग त्यांनी सगळे अंगरखे काढून माझ्या हातात दिले.

“हे कप्प्यात ठेव. पुढच्या उन्हाळ्यात कामी येतीन.”

“आणि बॅग?” मी विचारलं.

“तिचं आता काय काम? माळ्यावर टाकून द्या.”

नवरा लगेच स्टूल आणायला गेला.