वरचा कापूस

मलकापूर स्टेशनच्या बाकावर एका ख्रिस्ती उपदेशकांची गाठ पडली. बायबलचा नवा करार ज्या ग्रीक भाषेत मुळात लिहिला गेला, ती शिकण्याचे पहिले पुस्तक त्यांनी आपल्या सोनाळा गावात एकट्याने संपवले होते. पुढच्या व्याकरणाची दोन पुस्तके मुंबईच्या दुकानदाराने पसंतीसाठी पाठवली होती. एक ठेवून दुसरे आजच्या गाडीने परत धाडायचे होते.

पहिली पाने त्यांनी उघडलीच नाहीत. बायबल वाचताना आपण जिथे अडलो होतो, तेच वाक्य ते दोन्हींत शोधत राहिले.

"सुरुवात तरी पाहा," मी म्हणालो.

"कापसाची गाडी तुमी वरूनच पाहता काय, भाऊ? वरचा कापूस सगळ्याइचाच पांढरा असते."

पातळ पुस्तकाने त्या वाक्याचा अर्थ एका ओळीत उरकला होता. जाड पुस्तकात लिहिले होते, की इथे जाणत्यांचेही एकमत नाही. त्यांनी जाड पुस्तक मांडीवर घेतले.

"ते काऊन? त्यात तर उत्तरच नाही!" मी विचारले.

"गावात मी विचारू असं दुसरं कोणी नाही. चुकीचं शिकलो, तर जलमभर लोकाइले तेच सांगत राहीन. याले जे समजत नाही, ते हे कबूल तरी करते."

हिशेबाच्या कामात मी पुष्कळ हुशार माणसे पाहिली. 'माहीत नाही' या शब्दांवर इतका भरवसा ठेवणारे मात्र ते एकटेच.