पाळण्याला लावलेलं माझं इंजिन

माझ्या इवायाने मला फसवलं. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचा सासरा. त्याने माझ्या गाडीचं इंजिन काढून स्वतःच्या आकाशपाळण्याला लावलं आणि पाळण्याचं थकलेलं डिझेल इंजिन माझ्या गाडीत बसवलं. वर मला सांगितलं की तुमचं इंजिन भंगार झालं होतं. आमच्या सोयऱ्यांमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे ती हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही, म्हणून मी ती माझ्या बाजूने लिहून ठेवतो आहे.

मी बारदान्याचा धंदा करतो. तुमसरच्या तांदळाच्या गिरण्यांमधून जुनी पोती घ्यायची, भंडाऱ्याजवळ शहापूरच्या गोदामात आणून झटकायची, उसवलेली दाभणाने शिवायची आणि पुन्हा गिरण्यांनाच विकायची. सुरुवात सायकलवर केली. मागे पोत्यांचा गठ्ठा इतका उंच असायचा की पाठीमागून येणाऱ्याला मी दिसायचोच नाही. कोणी भांडवल दिलं नाही, कोणी जामीन राहिलं नाही. जे काही आहे ते तोंडाच्या जोरावर. लोक मला भांडखोर म्हणतात. भाव करताना माझा आवाज चढतो, हे खरं आहे. पण भावात सगळं उघड असतं. माल फाटका किती, भिजका किती, उचलायचा कोणी, न्यायचा कोणी, हे दोघंही बोलून मोकळे होतात. ठरल्यावर मी शब्द फिरवला असेल तर तुमसरच्या बाजारात जाऊन कोणालाही विचारा. जिथे बोलायची लाज वाटते तिथेच माणूस फसतो.

गाडीही मला बारदान्यातच सापडली. तुमसरच्या वरच्या अंगाला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या एका जुन्या साहेबांच्या बंगल्यावर पोती पडून आहेत असं कळलं म्हणून गेलो. शेडमध्ये पोत्यांचा ढीग होता आणि ढिगाखाली गाडी. विलायती, दोन माणसांची, छप्पर नसलेली आणि इतकी बुटकी की बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. साहेब वारले होते. त्यांचा मुलगा शेड रिकामी करायला पुण्याहून आला होता आणि त्याला परतायची घाई होती. मी गाडीकडे एकदाही सरळ पाहिलं नाही. सकाळभर पोत्यांवरून घासाघीस केली, मध्येच उठून फाटकापर्यंत गेलो, परत आलो. तो पुरता कंटाळल्यावर म्हणालो, हा डबाही उचलून नेतो, तुमची शेड मोकळी होईल. तो हो म्हणाला. त्याला जे हवं होतं ते मिळालं, मला जे हवं होतं ते मिळालं. याला मी फसवणूक म्हणत नाही.

गिरणीचे आठ हमाल सोबत नेले होते. त्यांनी खालून बांबू घातले आणि गाडी उचलून ट्रकवर ठेवली. उतरवल्यावर त्यांतला एक हात झटकत म्हणाला, "शेटजी, एका पोत्याएवढाही भार नाई आला माह्या वाट्याले." तिथेच मला ती गाडी आवडली. तिच्यात उगीच घातलेलं काहीच नव्हतं. पत्रा पातळ, सीट पातळ, दाराला काच नाही, आणि लांब नाकाच्या आत एक लहानसं हिरवं इंजिन, दोन कार्बोरेटरचं.

ती चालू करायला मला आणि भंडाऱ्याच्या एका मिस्त्रीला पूर्ण पावसाळा लागला. दोन्ही कार्बोरेटर मी स्वतः रॉकेलमध्ये धुतले. त्यांना जोडणाऱ्या दांडीची एक पिन हरवलेली होती आणि तसली पिन कुठेच मिळेना. मी गोदामातलं पोती शिवायचं दाभण घेतलं, पकडीने वाकवलं आणि तिथे अडकवून टाकलं. ते तिथेच राहिलं. कधी सुटलं नाही की वाजलं नाही.

मग दर रविवारी सकाळी मी शहापूरहून निघायचो आणि भंडाऱ्याच्या पुढे वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. बायको बाजूला, डोक्यावरचा पदर दातांत धरून. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरायचं. ट्रकवाले खिडकीतून वाकून आमच्याकडे पाहायचे. मुलगी माहेरी आली की नात आम्हा दोघांच्या मध्ये कोंबून बसायची आणि पूल आला की हट्ट करायची, "आबाजी, अजून पुढे." आयुष्यात मी घेतलेली ही पहिली वस्तू होती जी मला विकायची नव्हती.

एका उन्हाळ्यात पाणी उकळायला लागलं. हेडची गॅस्केट गेली होती. मिस्त्री म्हणाला, मुंबईहून मागवावी लागेल, वेळ लागेल. मी थांबायला तयार होतो. तेवढ्यात इवाई घरी आला.

त्याच्या गावात, तुमसरच्या बाजूला, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथेच लोखंड जोडून त्याने एक आकाशपाळणाही बनवला आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते; त्या हंगामात तो पाळणा घेऊन फिरतो. माणूस गोड बोलणारा. गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडलं, आत बराच वेळ डोकं घालून उभा राहिला आणि म्हणाला, "हे कायले दुरुस्त करता जी? इंजिनच बदलून देतो. हलकंसं टाकू व्हॅनचं, कुठंही पार्ट भेटते. तुमी फक्त पाठवून द्या."

मी माझ्या सवयीप्रमाणे विचारायला लागलो. कोणत्या व्हॅनचं, किती चाललेलं, निघालेलं इंजिन कोणाकडे राहणार. माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच बायको चहा घेऊन बाहेर आली. "इवायासंग बी भाव करता का?" ती म्हणाली. सगळे हसले. इवायाने कानांना हात लावले आणि म्हणाला की तुमच्याकडून मी काय घेणार, आपलं नातं काय, आपण बोलतो काय. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. व्याह्याला अट घालायची नाही, किंमत विचारायची नाही, काय घेतलं काय दिलं ते उघडून पाहायचं नाही. मुलगी त्यांच्या घरी असते. मी चहा प्यायलो आणि गाडी पाठवून दिली. धंद्यात इतक्या कच्च्या बोलीवर मी एक फाटकं पोतं सोडलं नसतं.

गाडी परत आली ती दिसण्याआधी ऐकू आली. मला वाटलं रस्त्याने कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो आहे. इवाई स्वतः चालवत होता, तोंड भरून हसत. इंजिन उंच म्हणून त्याने बॉनेट कापलं होतं आणि वर पत्र्याची पेटी ठोकली होती. पुढची चाकं मडगार्डला घासत होती. एवढं वजन नाकावर आल्यामुळे गाडी पुढे झुकून उभी होती, पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी. मी चालवून पाहिली. वळवायला दोन्ही खांदे लावावे लागले, ब्रेक मारला तर मागची चाकं उचलतील असं वाटलं, आणि धूर एवढा काळा की बायकोने परत तिच्यात पाय ठेवला नाही. नाक्यापर्यंत जाऊन परत आलो.

हे डिझेल आहे, मी म्हणालो. तर म्हणे डिझेल परवडते. व्हॅनचं इंजिन म्हणाला होतात, मी म्हणालो. तर म्हणे ते मिळालं नाही, आणि हे मजबूत आहे. इंजिनाच्या कडेला ग्रीसखाली लाल-पिवळे पट्टे रंगवलेले दिसत होते. हे कसले, असं विचारलं. "जुनं हाये जी, कुठं कुठं फिरलं असन," तो म्हणाला. चहा झाल्यावर शेवटी मी माझ्या इंजिनाचं विचारलं.

"ते भंगार झालं होतं. देऊन टाकलं."

"कोनाले?"

"भंगारवाल्याले, अजून कोनाले?"

शहापूर ते तुमसर या पट्ट्यातला एकही भंगारवाला असा नाही जो मला ओळखत नाही. पोतीही तेच विकतात. मी सगळ्यांना विचारलं. त्या रंगाचं, दोन कार्बोरेटरचं इंजिन कोणाकडेच आलं नव्हतं. मी घरी काही बोललो नाही. मंडईची वाट पाहिली.

मंडईला सगळे सोयरे जेवायला येतात. दुपारी बाजार, पाळणे, मिठाईची दुकानं, संध्याकाळी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. इवायाच्या गावची मंडई मोठी असते. मी मोटारसायकलवर गेलो. अंगणात पाणी प्यायलो, ख्यालीखुशाली झाली आणि मैदानात गेलो. मला लांबूनच आवाज ओळखू आला, असं खोटं मी लिहिणार नाही. आधी फक्त एवढंच लक्षात आलं की दरवर्षी पाळण्याच्या मागून निघणारा काळा धूर या वर्षी नाही.

मी मागच्या बाजूला गेलो. लोखंडी चौकटीवर माझं हिरवं इंजिन बसवलेलं होतं. बाजूला पाण्याचा ड्रम, वर टांगलेला पेट्रोलचा डबा, पट्टा, पुली. दोन कार्बोरेटर होते आणि त्यांच्या दांडीत माझं दाभण होतं, मी वाकवलं होतं तसंच. इवाई स्टुलावर बसून दोरीने वेग कमीजास्त करत होता. भोवती गावची माणसं उभी होती.

मी म्हणालो, "हे बंद करा."

"पोट्ट्या वर हायेत जी."

"उतरवा आनि बंद करा. हे इंजिन माहं हाये. ते दाभन माह्या हातचं हाये."

त्याने दाभणाकडे पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "मंग चांगलंच झालं ना इवाई. डिझेलच्या धुरानं पोट्ट्यांना वांत्या व्हत. आता पाहा कसं गोड चालून राहिलं. तुमच्या गाडीत तुमी दोघंच फिरत होते, इथं अख्खं गाव फिरून राहिलं."

माणसं हसली. मी म्हणालो की मग मला विचारायचं होतं.

"इचारलं असतं तर तुमी भाव केला असता," तो म्हणाला.

आता तर लोक पोट धरून हसायला लागले. मी पेट्रोलच्या डब्याखालच्या नळाला हात घातला. तेवढ्यात वरून हाक आली, "आबाजी!" नात सगळ्यात वरच्या पाळण्यात होती, दांडा सोडून मला हात करत होती. इवायाने दोरी सैल केली आणि आवाज न चढवता म्हणाला, "करा बंद. तुमचीच नात वर हाये."

मी नळावरचा हात काढला. मुलीला कोणीतरी बोलावून आणलं होतं. ती माझ्या आणि सासऱ्याच्या मध्ये उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून, आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, तुमी सांजेले शहापूरले जासान. मले इथंच राहाचं हाये."

मी न जेवता निघालो. मंडईच्या दिवशी व्याही उपाशी परत जातो म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाव माझ्यावर नाराज झालं. इंजिन चोरणाऱ्यावर झालं नाही.

त्यानंतर माणसं येऊन गेली. चुलतभाऊ आला, पोलिस पाटील आला, मुलीचा मामा आला. सगळ्यांचं म्हणणं एकच, जाऊ द्या, घरातलं आहे. इवायाने निरोप पाठवला की दुसरं चांगलं व्हॅनचं इंजिन टाकून देतो. मी कळवलं, मला माझंच हवं. त्यावर उत्तर आलं की मंडईचा हंगाम संपला की पाहू. हंगाम संपला, पुढचाही संपला. माझी गाडी गोदामात उभी आहे, नाक खाली घालून, वर पोती टाकलेली, मला सापडली होती तशीच. कागदावर एक इंजिन, आत दुसरं, म्हणून ती रस्त्यावर काढताही येत नाही. मुलगी फोन करते तेव्हा धान, पोरीची शाळा, पाऊस, सगळ्याचं बोलते. इंजिनाचं मी काढत नाही आणि तीही काढत नाही. नात एकदा म्हणाली, आबाजी, तुमची ती गाडी काहून नाही काढत आता? फोन लगेच तिच्या हातून घेतला गेला.

या वर्षीही बोलावणं आलं आहे, दरवर्षीसारखंच, अगत्याने. मटण तुमच्या आवडीचं करतो, इवाई स्वतः फोनवर म्हणाला.

मी येणार आहे, इवाईबुवा. सकाळीच येईन, पाळण्यात एकही पोर बसायच्या आधी. जेवणार नाही. सगळे सोयरे तिथेच असतील, त्यांच्यासमोर मला दोन गोष्टी सांगा. मी भाव केला असता म्हणता, तर केला असता. पण भावाला नाही म्हणायचा हक्क मला होता, तो तुम्ही कोणाला विचारून काढून घेतला? आणि फक्त गॅस्केट गेलेलं इंजिन भंगार झालं, असं माझ्या अंगणात, माझा चहा पिऊन, तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणालात? उत्तर तुम्ही द्यायचं. माझ्या मुलीला मध्ये उभी करायची नाही.