वडआळीची गळती

आग्नेल तुस्कानोच्या खांद्यावर बारा वर्षं एकच वस्तू दिसायची, व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. चांगली कमरेएवढी दांडी, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून फिरवली की एका वस्तीचं पाणी थांबायचं आणि दुसरीचं सुरू व्हायचं. ग्रामपंचायत होती तेव्हा आग्नेल रोजंदारीवर लागला, नगरपालिका आली तरी रोजंदारीवरच राहिला. पाट्या बदलल्या, साहेब बदलले, हा आपला तिथेच. गावात कुणी त्याला आग्नेल म्हणतच नसे. चावीवाला.

बोळिंजच्या कडेला वडआळी ही चाळीस-पन्नास ख्रिस्ती घरांची वस्ती. रस्त्यापलीकडे शेतं भरून उभ्या राहिलेल्या चार-चार मजल्यांच्या इमारती. दोघांना धरणाचं पाणी एकाच पाइपातून, एकाच खड्ड्यातून. सकाळी साडेसहाला चाळीस मिनिटं आळीला, मग चावी फिरवायची आणि पुढचं इमारतींना. आळीतल्या बाया म्हणायच्या, आपला माणूस असून आपल्याला चाळीसच मिनिटं. इमारतीतले म्हणायचे, त्यांचा माणूस, तो त्यांनाच देणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आग्नेल मनगटावरचं घड्याळ पुढे करायचा आणि चालू लागायचा.

पण मनात त्याच्या एकच होतं, कायम व्हायचं. रजेचा पगार, म्हातारपणी पेन्शन आणि दर सहा महिन्यांनी साहेबाच्या दारात उभं राहणं बंद. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात अकरा रोजंदारांची यादी सर्वसाधारण सभेपुढे जायची ठरली आणि यादीत सातवं नाव आग्नेलचं होतं. बायको मटिल्डाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आणि नेमक्या त्याच महिन्यात थोरल्या भावाच्या मुलीचं, स्वप्नाचं लग्न निघालं.

लग्न म्हटलं की आदल्या दिवशी उंबराचं पाणी. घरच्या बाया बँड लावून, नाचत-गात विहिरीवर जातात, कळशी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पाणी घरच्याच विहिरीचं हवं. नळाखाली कळशी धरून कुणी उंबराचं पाणी आणलंय, असं वडआळीत सात पिढ्यांत घडलं नव्हतं.

आणि विहिरीत तर पाणीच नव्हतं. होतं ते तळाशी, गुडघाभर आणि खारट. दोष कुणाला द्यायचा? सेबॅस्टियनने, म्हणजे त्याच थोरल्या भावाने, पाच वर्षं विहिरीचं पाणी टँकरला विकलं होतं. टँकर कुणाचे, तर ज्युलियसचे. ज्युलियस म्हणजे आळीचा नगरसेवक. आणि ते पाणी जायचं कुठे? रस्त्यापलीकडच्या इमारतींना. गोडं पाणी उपसून संपलं तसा खाडीकडच्या खाजणाचा खार आत शिरला. आता सेबॅस्टियन विहिरीच्या काठावर डोकं धरून बसला होता.

"आग्नू," तो म्हणाला, "पोरीला खाऱ्या पाण्याने न्हाऊ घालू?"

आग्नेल भोळा होता असं नाही. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण स्वप्नाला त्याने अंगाखांद्यावर खेळवलेलं, स्वतःला मूलबाळ नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बाराला त्याने इमारतींची वेळ असताना चावी आळीकडे फिरवली, भावाच्या नळाला रबरी पाइप जोडला आणि दीड तास पाणी विहिरीत सोडलं. खाऱ्यावर वीतभर गोडं पाणी चढलं. नगरपालिकेचं पाणी विहिरीत ओतायचं, तेही पुन्हा उपसून काढण्यासाठी! हे वेड जगात दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. वडआळीत मात्र कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

चोरी करावी तर गुपचूप करावी. यांनी बँड लावला. चार वाजता बाया नाचत विहिरीवर पोचल्या आणि पलीकडच्या इमारतीचे सेक्रेटरी श्रीरंग देवस्थळी, टाकी कोरडी का म्हणून चावीवाल्याला शोधत, नेमके तिथेच आले. त्यांनी विहिरीत सोडलेला पाइप पाहिला. तो कुठून आलाय तेही पाहिलं. सेबॅस्टियनने पाहुणा समजून त्यांना बसवलं, मटिल्डाने बशीत मैद्याचे तळलेले गरमगरम फुगे दिले. देवस्थळींनी चार फुगे खाल्ले, "छान झालेत हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली.

सभा आठवड्याने होती. विषय क्रमांक चार, पाणीपट्टीत वाढ. विषय क्रमांक नऊ, रोजंदारांना कायम करणे. आग्नेलला अभियंत्यांनी बोलावून घेतलं होतं. तो ड्युटीवरून तसाच आला आणि चावी हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

चार नंबरचा विषय निघाला आणि इमारतींचे नगरसेवक हर्षवर्धन राणे उठले. "वाढीव पाणीपट्टी मी कोणत्या तोंडाने मागू? चौसष्ट कुटुंबं कोरडी आणि त्यांचं पाणी विहिरीत! उद्या समुद्रात ओताल!"

सभागृह हसलं. ज्युलियस ताडकन उभा राहिला. "तुमच्या इमारतींच्या आधीपासून आमचे रिवाज आहेत. आमच्या लेकीबाळींच्या उंबराच्या पाण्यावर कर लावणार का?" मागे प्रेक्षकांत आळीतले वीस-पंचवीस जण होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणायची तर म्हणा. विहिरीतलं पाणी धार्मिक की घरगुती? घरगुती असेल तर पट्टी कुठल्या दराने? एक सभासद म्हणाले, हळदीलाही पाणी लागतं, मग आम्हालाही द्या. दुसऱ्यांनी विचारलं, विहीर मोजली का? तास गेला. विहीर आटली कशाने, हे एकानेही विचारलं नाही. आग्नेलला ते ठाऊक होतं, तोंडाशी आलंही होतं. पण बोललं तर भाऊ अडकणार, टँकरवाला ज्युलियस अडकणार, आणि ज्युलियस तर त्याचीच बाजू मांडत होता. इकडे आड आणि तिकडे खरोखरचीच विहीर. 

चहाला सभा थांबली तेव्हा ज्युलियसने त्याला जिन्यात गाठलं. "आग्नू, सोडलं म्हणालास तर नऊ नंबरातून नाव गेलं म्हणून समज. सांग, लाइन गळत होती. गळतीचं पाणी फुकट जाऊ नये म्हणून विहिरीत सोडलं."

"पण लाइन गळत नाही, ज्युलियस. मीच टाकलीय ती."

"मग तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

सभा पुन्हा भरली. नगराध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "काय हो, पाणी तुम्ही सोडलंत की नाही?"

आग्नेलने मागे पाहिलं. सेबॅस्टियन मान खाली घालून बसला होता. मटिल्डा थेट आग्नेलकडेच बघत होती. बारा वर्षं, त्याच्या मनात आलं, बारा वर्षं आपण घड्याळाप्रमाणे चाललो.

"लाइन गळत होती, साहेब," तो म्हणाला. "गळतीचं पाणी होतं."

अभियंत्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण जबाबदारी त्यांच्यावरही आलीच असती. राणेंनी देवस्थळींकडे पाहिलं, देवस्थळींनी खांदे उडवले. पाइप त्यांनी पाहिला होता, जमिनीखालची लाइन नव्हे. गळतीशी भांडण कोण करणार? नऊ नंबरचा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला, अकराच्या अकरा कायम. आग्नेलचे डोळे भरून आले आणि तेवढ्यात राणे पुन्हा उठले.

"अध्यक्ष महाशय, लाइन फुटकी असेल तर तिच्यात चाळीस मिनिटं पाणी सोडणं म्हणजे नासाडी. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत वडआळीला वीस मिनिटं द्यावीत. उरलेली वीस आमच्याकडे."

ठराव इतका सरळ होता की त्याला विरोध करायला कारणच सापडेना. ज्युलियसनेही हात वर केला. वर म्हणाला, "तोवर आळीची अडचण होऊ नये म्हणून मी टँकर पाठवीन." हे त्याला जिन्यातच सुचलं होतं की नंतर, देव जाणे. पण ठराव एकमताने झाला, आणि गळती शोधण्याचं काम, अर्थातच, लाइनची माहिती असलेल्या कर्मचाऱ्याकडे आलं.

आता नसलेली गळती शोधायची कुठे? सापडली म्हणून सांगावं, तर अभियंते फुटका सांधा बघायला येणार.

आग्नेल खणू लागला. सुरुवातीला आळीतली माणसं कौतुकाने मदतीला आली. आपल्यासाठी सभेत उभा राहिलेला माणूस! कुणी घमेलं धरलं, कुणी चहा आणला. फणसाखाली खणलं, क्रुसाजवळ खणलं, सेबॅस्टियनच्या दारात खणलं. प्रत्येक ठिकाणी पाइप कोरडाठाक आणि शाबूत. त्याच्याच हातचे सांधे, बारा वर्षांत एकही सुटला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या चांगल्या कामाचा राग आला.

एकदा तर आजूबाजूला कुणी नाही बघून त्याने पहार उचलली. एक घाव, की गळती तयार, दुरुस्ती तयार, चाळीस मिनिटं परत. मग त्याला कार्यालय आठवलं. दुरुस्तीचा अंदाज, अंदाजाला मंजुरी, मंजुरीला पुढची सभा. तोवर आळीला थेंबही नाही. त्याने पहार खाली ठेवली आणि माती लोटली.

मटिल्डाला सगळं ठाऊक होतं. ती भांडली नाही, तेच वाईट. टँकर आला की हंडा घेऊन मुकाट रांगेत उभी राहायची. एकदाच म्हणाली, "तुमची नोकरी कायम झाली आणि गळतीपण."

दीड वर्ष गेलं. स्वप्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ वीस दिवसांचं, घरात दुपट्यांचा ढीग. त्या सकाळी घरच्या नळाचं पुरेना म्हणून बादली घेऊन ती स्वतःच खड्ड्याजवळच्या सार्वजनिक नळावर आली, तिचा नंबर शेवटचा. पलीकडे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर देवस्थळी बसले होते. ठरावानंतर ते रोज घड्याळ घेऊन तिथे बसत, न चुकता. आग्नेलने खड्ड्यात चावी घातली होती. सहा पन्नासला दोन मिनिटं होती.

स्वप्नाची बादली चतकोर भरली होती.

"काका, गळती सापडली का हो?" तिने साधेपणाने विचारलं.

"अजून नाही, बाय."

"मग पाचच मिनिटं जास्त द्या ना आज. बाळाचं सगळं धुवायचंय."

याच पोरीसाठी त्याने एकदा दीड तास पाणी विहिरीत ओतलं होतं. आग्नेलने पुलाकडे पाहिलं. देवस्थळींनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. रागाने नव्हे, नुसती आठवण म्हणून.

त्याने दोन्ही हातांनी मूठ धरली आणि चावी फिरवली. नळाची धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. स्वप्नाने बादली उचलली. "असू दे काका," ती म्हणाली, "लाइन सुधारली की येईलच." आणि ती घराकडे गेली.