चेरीच्या बहरातला माझा रागीट चेहरा

परवा व्हिडिओ कॉलवर माझा फोटो बघून तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, व्हाय सो अँग्री?" सगळीकडे फुलंच फुलं आणि मी मात्र कपाळाला आठ्या घालून उभी. प्रश्न रास्त आहे. उत्तर नीट लिहून काढते, आई वाचून दाखवेल.

आजोबांच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे. समोरचं पुसून टाकल्यासारखं होतं, कडेचं थोडं दिसतं. ऊन चढलं की तेही नाही. आम्ही पुण्याहून निघताना डॉक्टर म्हणाले होते, "जे बघायचंय ते याच वर्षी बघून घ्या." आजोबांनी चेरीची फुलं निवडली. जन्मभर हौसेने फोटो काढलेल्या या माणसाला वॉशिंग्टनच्या तळ्याकाठचा बहर एकदा स्वतःच्या कॅमेऱ्यात हवा होता. बहर जेमतेम आठवडाभराचा आणि आमचं परतीचं तिकीट जवळ आलेलं. म्हणून तुमच्या मामाला मी पुन्हा पुन्हा बजावलं, हर्नडनच्या त्याच्या घरून उजाडताच निघायचं. मऊ उजेडात आजोबांना दिसतं.

"डन, आई," मामा म्हणाला आणि त्याने बेत मित्रांच्या ग्रुपवर टाकला.

झालं. चार कुटुंबं तयार झाली. पाडवा जवळ होता, म्हणून बायकांनी पैठणी आणि पुरुषांनी त्याच रंगाचे कुर्ते घालायचं ठरलं. शनिवारी पहाटे मी थर्मासमध्ये चहा भरला, आजोबा बूट घालून दारात बसले. मग एकीची नथ सापडेना. कुणाच्या मुलाने कुर्त्यावर दूध सांडलं. सगळ्या गाड्या एकत्रच निघायला हव्यात म्हणून आम्ही थांबलो. पार्किंग मिळवून तळ्यापाशी पोचलो तोवर पाण्यावरचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. आजोबांनी टोपी पुढे ओढली.

तिथेही क्रम ठरलेला. "आधी लेडीज, मग कपल्स, मग किड्स. सीनियर्स लास्ट!" मामाचा एक मित्र ओरडला. मग आजोबांकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही बाकावर बसा ना, जरा बॅगा सांभाळाल? शेवटी आम्ही सगळे तुमच्या पाया पडतानाचा एक शॉट घेऊ. मस्त येईल."

गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसाच्या मांडीवर त्याने पर्सेसचा ढीग ठेवला. मी मामाकडे बघितलं.

"फाइव्ह मिनिट्स, आई. ग्रुपमध्ये सगळ्यांचं बघावं लागतं यार."

"मी तुझी यार नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात त्या मित्राने एक फांदी धरून गदागदा हलवली. खाली पैठण्या गिरक्या घेत होत्या, वरून पाकळ्या पडत होत्या. "अजून जोरात! स्लो-मो घेतेय!" मोबाइलवर शूट करणारी एकजण ओरडली.

"सोड ती फांदी!" मी ओरडले. "झाडांना हात लावू नका अशी पाटी आहे. इंग्रजी येतं ना तुम्हाला? आणि ज्यांच्यासाठी हे सगळं ठरलं ते तुमच्या पर्सेस राखत बसलेत. पाया पडण्याचा फोटो आज निघणार नाही!"

लोक वळून बघू लागले. बघू देत. मी पर्सेस उचलून मामाच्या हातांत कोंबल्या आणि आजोबांना एका जुन्या झाडाखाली नेलं. फांद्या इतक्या खाली आलेल्या की वाकून आत शिरावं लागलं. पाण्याच्या बाजूने छत्री आडवी धरून मी उभी राहिले. आजोबांनी मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय का?"

"पांढरं दिसतंय. फूल नाही दिसत."

मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी त्यांच्या अगदी जवळ होते.

"तुझा राग मात्र स्वच्छ दिसतोय. हलू नकोस."

तोच हा फोटो. मागची फुलं धूसर आली आहेत, कारण कॅमेऱ्याचा फोकस माझ्या चेहऱ्यावर होता. रात्री मामा म्हणाला, "सॉरी आई, नेक्स्ट इयर नक्की लवकर निघू." पुढच्या वर्षी, म्हणे! मामी म्हणाली, "तळ्यावर परत जाऊन तुमचा एक हसरा फोटो काढू या." मी नको म्हटलं. आजोबांनी काढलेला आहे, तोच राहू दे.