नाव घालून गायलेलं कडवं

निशिकांतला आवाज नव्हता. जहाजांच्या इंजिनरूममध्ये वर्षानुवर्षं ओरडून बोलल्यामुळे त्याचा गळा खरवडलेल्या पत्र्यासारखा झाला होता. तरी सिंगापुरातली मराठी मंडळी दिवाळीनंतर एखाद्या हॉलमध्ये जमली, की त्याला गायला उभं करायची. तो बिस्किटांचा रिकामा डबा पोटाशी धरायचा, त्यावर बोटं आपटायचा आणि मराठीत कॅलिप्सो, म्हणजे वेस्ट इंडीजकडची टिंगलगाणी, म्हणायचा. कुणाच्या नव्या गाडीवर, कुणाच्या फसलेल्या डाएटवर, कमिटीतल्या भांडणावर. ज्याच्यावर गाणं, त्याचं नाव घालून. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरायचे.

हे वेड त्याला डेस्मंडनं लावलं. डेस्मंड त्रिनिदादचा, निशिकांतच्या अगदी सुरुवातीच्या एका जहाजावर फिटर होता. महायुद्ध संपल्यावर डेस्मंडचा बाप बोटीनं लंडनला गेला. त्या शहराला पडलेल्या भिंती उभारायला आणि बसगाड्या चालवायला माणसं हवी होती. ती माणसं झोपणार कुठं, याचं मात्र शहराला काही देणंघेणं नव्हतं. खिडक्याखिडक्यांत चिठ्ठ्या लावलेल्या असत: खोली भाड्यानं देणे आहे, काळ्यांनी चौकशी करू नये. डेस्मंडचा बाप आठवडाभर रेल्वेच्या शेडमध्ये राबायचा आणि शनिवारी एका तळघरात गायचा. थंडीवर, धुक्यावर, घरमालकिणींच्या नाकांवर.

"एकदा एक घरमालकच ऐकायला आला," डेस्मंड सांगायचा. "बापानं तिथल्या तिथं त्याचं नाव घालून कडवं रचलं. सगळं तळघर त्याच्याकडे बघतंय. मालक करणार काय? हसला. आणि सोमवारी बापाला खोली मिळाली."

"खरंच?"

"कॅलिप्सोचा कायदाच आहे तो. ज्याचं नाव आलं त्यानं हसायचं. आणि चारचौघांत हसलेला माणूस मागं फिरू शकत नाही."

डेस्मंड हे सांगताना स्वतःही इतका हसायचा, की त्यातलं खरं किती हे कळायला मार्ग नव्हता. निशिकांतनं सगळंच खरं धरलं.

समुद्र त्यानं मुलीसाठी सोडला. श्रिया लहान असताना तो सुट्टीवर ठाण्याला आला, की ती कपाटातून पाहुण्यांचा टॉवेल काढून त्याला द्यायची. न सांगता, शहाण्या मुलीसारखी. त्या टॉवेलनं अंग पुसताना त्याला वाटायचं, आपण या घरात बुडतोय आणि कुणाला दिसत नाही. मग त्यानं सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या एका लहान कंपनीत नोकरी धरली, बायको उल्का आणि श्रियाला आणलं, आंग मो किओला फ्लॅट भाड्यानं घेतला. पगार जहाजावरच्यापेक्षा कमी होता. पण संध्याकाळी तिघं एका टेबलाशी जेवायची.

यंदा मालकानं मुलाच्या लग्नासाठी फ्लॅट परत मागितला. डिसेंबरअखेर सोडायचा. दुसरं घर मिळालं नाही, तर उल्का आणि श्रियानं ठाण्याला परतायचं आणि निशिकांतनं चार जणांच्या खोलीत एक बेड घ्यायचा, हे न बोलता ठरल्यासारखंच होतं.

एजंटांना फोन श्रिया करायची. तिचं इंग्रजी इथल्या शाळेतलं, इथल्या हेलाचं. पहिलं वाक्य तरी पूर्ण ऐकून घेतलं जायचं.

"यू व्हॉट रेस, आह?" एजंट विचारायचा.

"इंडियन."

"आयो, सॉरी आह. ओनर प्रिफर नो इंडियन. कुकिंग टू हेवी, लाह."

"वी डोन्ट कुक हेवी."

"एव्हरीबडी से."

काही ठिकाणी ती मुद्दाम सांगायची नाही. मग तिघं घर बघायला जायची. दार उघडायचं, समोरचा चेहरा मिटायचा, आणि फ्लॅट कालच गेलेला असायचा.

"आपला एखादा माणूस मालक असता ना," उल्का परतताना एमआरटीच्या गाडीत म्हणायची, "तर ही वेळ आली नसती."

ती रोज म्हणायची. स्टेशनं मोजावीत तसं. आपला माणूस कुठंतरी आहे, फक्त गाठ पडायची राहिली आहे.

मग जुरोंग ईस्टच्या एका काँडोतल्या, म्हणजे खासगी संकुलातल्या, फ्लॅटची जाहिरात आली. भाडं कसंबसं झेपणारं. श्रियानं फोन लावला. एजंट नेहमीचं बोलली आणि वर हसून म्हणाली, "फनी, यू नो? ओनर आल्सो इंडियन."

उल्कानं जाहिरातीतले फोटो पुन्हा पाहिले. बाल्कनीचा कठडा, निळ्या फरश्या. "अरे, हा शामकांतरावांचा फ्लॅट! वास्तुशांतीला आपण इथंच पुरणपोळी खाल्ली."

शामकांतराव म्हणजे मंडळींतले सगळ्यांत जुने. स्वतः ईस्ट कोस्टला राहायचे, प्रत्येकाच्या अडचणीला धावून जायचे, निदान तसं सगळे म्हणायचे. निशिकांतनं त्यांना फोन केला.

"इंडियन नको? मी असं म्हणेन होय रे?" शामकांतराव म्हणाले. "एजंटनं परस्पर ठरवलं असणार. बघतो मी."

उल्कानं त्या दिवशी शिरा केला. नंतरचे आठवडे शामकांतराव बघतच होते. फोन केला की आवाज तोच, उबदार. बघतो. बोलतो. जरा थांब. श्रियानं शाळेत मैत्रिणींना अजून काही सांगितलं नव्हतं. आंग मो किओच्या घरमालकाची होणारी सून पडद्यांची मापं घेऊन गेली.

मंडळींचा कार्यक्रम आला. निघताना उल्कानं निशिकांतचा हात धरला. "घरावर काही गाऊ नकोस. हात जोडते. डाएटवर गा, बॉसवर गा."

"नाही गात."

"शपथ?"

"अगं, नाही गात म्हटलं ना."

त्यानं डाएटवर गायलं. लोक हसले, पण मागच्या वर्षीइतके नाही. पहिल्या रांगेतून शामकांतरावच ओरडले, "हे काय निशिकांत, अळणी! नावं घालून होऊ दे की!"

हॉलभर टाळ्या झाल्या. निशिकांतनं उल्काकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नाही, नाही. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला दिसत होतं एक तळघर, ज्यात तो कधी गेला नव्हता, आणि सगळ्यांच्या नजरेत अडकून हसणारा एक मालक. विनंत्या करून झाल्या होत्या. कागदपत्रं दाखवून झाली होती. आता त्याच्याकडे एवढं एकच उरलं होतं. त्यानं डब्यावर बोटं टाकली.

*खोली बघाया आलो, साहेब, खोली बघाया आलो,*
*बूट पुसून, दात घासून, अत्तर लावून आलो.*
*फोडणी नाही, हिंग नाही, मी पाण्यावर जगतो, बाई,*
*दार म्हणालं, माणूस बरा, पण इंडियन चालत नाही!*

हॉल उसळला. त्यातले निम्मे त्याच दारांवरून परतलेले होते. कुणीतरी शिट्टी मारली. निशिकांत पहिल्या रांगेकडे वळला.

*ईस्ट कोस्टला शामकांतराव, समुद्र त्यांच्या दारी,*
*जुरोंगमध्ये फ्लॅट रिकामा, हवा येते भारी.*
*एजंट सांगे मालक कडक, इंडियन नको म्हणतो,*
*शामकांतराव, सांगा बरं, आरशात कोण दिसतो?*

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, फक्त एसी. मग शामकांतराव हसले. खदखदून, मांडीवर थाप मारत. उठून स्टेजवर आले, त्यांनी निशिकांतला मिठी मारली. "नालायका! काढलीस ना माझी!" सगळा हॉल उभा राहिला. निशिकांतला वाटलं, मिळालं. मिळालं घर.

दोन दिवसांनी एजंटचा मेसेज आला. फ्लॅट दिला गेला आहे.

उल्कानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिळाही काढला, आणि भोकाकडे बघत उभी राहिली.

रविवारी सकाळी निशिकांत ईस्ट कोस्टला गेला. शामकांतराव समुद्राकाठी चालायला यायचे. ते दिसताच तो जवळजवळ धावला.

"शामकांतराव, चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तर सगळ्यांसमोर माफी मागतो. तुमच्यावर चांगलं गाणं करतो. पण तेवढा फ्लॅट..."

"अरे, अरे! माफी कसली?" ते खरोखर गोंधळले होते. "मला मजा आली रे. व्हिडिओ मुलीला पाठवला, ती म्हणते, पप्पा, बरी जिरली. चल, शहाळं घे."

"मग फ्लॅट का..."

शामकांतरावांनी चालणं हळू केलं. दूरवर जहाजं नांगरून पडली होती, एकमेकांकडे पाठ केल्यासारखी.

"फ्लॅट तुला द्यायचा नव्हताच रे," ते म्हणाले. आवाज तसाच, उबदार. "तुझ्या गाण्याआधीच एका जपानी जोडप्याला शब्द दिला होता. तुला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून बघतो बघतो करत राहिलो. मागं एका नागपूरच्या माणसाला दिला होता. अजून कपाटं उघडली की हिंगाचा वास येतो. आपण कसे राहतो, ते आपल्याला माहीत नाही का? तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता. राग असता तर निशिकांतला काहीतरी धरायला मिळालं असतं.

परतीच्या गाडीत तो उभा राहिला. उल्काला हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आपला माणूस सापडला होता, आणि त्यानं आपल्याला नीट ओळखून दार लावलं? ठाण्याला ती आता एकटी श्रियाला सांभाळणार होती. तिच्याकडे एवढी एक समजूत शिल्लक होती. तीही हातातून काढून घ्यायची?

उल्कानं दार उघडलं. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"गाण्यामुळेच ना?"

तो चप्पल काढत होता. "गाण्यामुळेच," तो म्हणाला.

श्रिया आतल्या दारात उभी होती. "बाबा, व्हाय यू मस्ट सिंग?" ती म्हणाली आणि आत गेली.

उल्का खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "तो माणूस वाईट नाही, निशी. तुझी जीभ वाईट. त्यांच्या मनात कडवटपणा ठेवून मी जाणार नाही इथून. मीच मागते माफी."

त्यानं तिला थांबवायला हवं होतं. तिनं फोन लावलाच. तो समोर उभा राहून ऐकत राहिला. "हो... हो, शामकांतराव... नाही हो, तुम्ही म्हणून असं बोलता... हो, सांगते त्याला."

फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"रागावलेच नाहीत म्हणतात. गाणं आवडलं म्हणतात. फ्लॅट म्हणे आधीच दुसऱ्याला दिला होता, गाण्याचा काही संबंध नाही. तुला अपराधी वाटू नये म्हणून असं सांगतायत, कळतंय का तुला? एवढं मोठं मन असतं एकेकाचं. आणि तू त्यांना भर हॉलमध्ये..."

"हो," निशिकांत म्हणाला.