लुमीर कोटासच्या चार बादल्या

आमच्या गावच्या वाचनालयात, मुलांच्या विभागात, समुद्राच्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी आहे. एकशेवीस गॅलनची. आम्ही नेब्रास्कात राहतो. सगळ्यात जवळचा समुद्र गाडीने दोन दिवसांवर. तरी इथली पोरं प्रवाळ पुस्तकात पाहण्याआधी जिवंत पाहतात, ते लुमीर कोटासमुळे.

लुमीर वाचनालयाची झाडलोट करायचा, बॉयलर सांभाळायचा, दारातलं बर्फ उपसायचा. उंच, थोडा वाकलेला, बोलणं मोजकं. तरुणपणी चार वर्षं नौदलात होता, ती सगळी जहाजाच्या इंजिनच्या खोलीत गेली. "समुद्र मी फक्त ऐकलाय, बाई," असं मला म्हणाला होता. अठरा वर्षांपूर्वी गावातल्या दंतवैद्यांनी दवाखाना बंद केला आणि ही टाकी वाचनालयाला देऊन टाकली. कुणाला काही कळत नव्हतं. लुमीरने पुस्तकं काढली, लिंकन शहरातल्या प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळात जाऊन बसला आणि हळूहळू त्या टाकीचा झाला.

दर शुक्रवारी तो तळघरात मीठ विरघळवून समुद्राचं पाणी तयार करायचा आणि चार बादल्या वर आणायचा. एकेक बादली चाळीस पौंडांची, पायऱ्या एकवीस. टाकीतलं तेवढंच जुनं पाणी काढायचं, हे नवं घालायचं. पंप आणि नळी का नाही, असं नवा माणूस विचारतोच. एकदा नळी लावली होती. ती निसटली आणि चित्रांच्या पुस्तकांचे दोन कप्पे भिजले. तेव्हापासून विश्वस्तांनी नळीला बंदी घातली. लुमीरने बादल्या धरल्या त्या धरल्याच.

गेल्या ऑक्टोबरात ग्रंथपाल जोलीन स्ट्रॉडने त्याला आणि मला खोलीत बोलावलं. मी तिथे सोमवारी पुस्तकं लावायला जाते, म्हणून मी.

"लुमीर, मे महिन्यात तू निवृत्त होतोयस," जोलीन म्हणाली. "तुझ्या जागी माणूस नाही येणार. सफाईची कंपनी येईल, आठवड्यातून दोनदा. ते बादल्या उचलणार नाहीत."

"मग मी येईन शुक्रवारचा."

"त्या गुडघ्यांनी? परवा जिन्यात बसून होतास तू, मी पाहिलं."

"बूट बांधत होतो."

"वीस मिनिटं?"

जोलीनने सरळ सांगितलं. एप्रिलच्या बैठकीत विश्वस्त ठरवणार. महिन्यातून एकदा पाणी बदलून टाकी नीट राहते असं दाखवता आलं, तर दोन स्वयंसेवक ते करतील आणि टाकी राहील. नाही तर विकायची. "आणि नोंदी हव्यात," ती म्हणाली. "दर आठवड्याच्या. म्हणून आडेलाबाई."

मी वही घेतली. लिहून ठेवण्याची सवय मला शाळेत नन्सनी लावली ती सुटलेली नाही.

लुमीरने मला सगळं समजावलं. मासे खातात, घाण करतात, त्या घाणीचं शेवटी पाण्यात नायट्रेट होतं. ते वाढलं की प्रवाळ काळवंडतात. शिवाय प्रवाळ आपलं हाड पाण्यातल्या चुन्यातून बांधतात, तो चुना संपत जातो. पाणी बदललं की घाण कमी होते आणि चुना परत भरतो. पाणी कमी वेळा बदलायचं तर ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. घाणीसाठी त्याने खालच्या छोट्या टाकीत दिवा लावून शेवाळाचा गोळा वाढवला, तो नायट्रेट खातो. चुन्यासाठी मीच उपाय सुचवला असं म्हणायला हरकत नाही. काकडीच्या लोणच्यासाठी आम्ही जो चुना आणतो, तोच. त्याची निवळी थेंबथेंब सोडायची.

"म्हणजे माशांचं लोणचं," मी म्हटलं.

"हसू नका, बाई. जास्त पडली तर खरंच होईल."

दर सोमवारी सकाळी मी काचेच्या नळीत पाणी घेई, औषधाचे थेंब टाकून हलवी आणि रंग पुठ्ठ्यावरच्या रंगांशी जुळवून पाही. फिका गुलाबी म्हणजे छान, गडद लाल म्हणजे वाईट. पहिल्या सोमवारी नायट्रेटचा आकडा पाच. दुसऱ्या सोमवारी पाच. सहा आठवडे झाले तरी पाचच. जोलीन खूश. "इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं गुडघे कशाला मोडलेस?" लुमीर खाली बघून काच पुसत राहिला.

अठरा नोव्हेंबरला चुना आणायला मी तळघरात उतरले. मिठाची मोठी बादली शेल्फाखाली होती. घरात मी मुरंब्याच्या बरणीवर तारीख घालते, तशी या बादलीवरही घातली होती: सात ऑक्टोबर, उघडली. दोनशे गॅलन पाण्याचं मीठ. तेव्हापासून नोंदीत दोनदा पाणी बदललेलं, म्हणजे चाळीस गॅलन. मी सहज झाकण उचललं, तर आत तळ दिसत होता.

मी वर आले. लुमीर शिडीवर चढून दिवा बदलत होता.

"खाली उतर."

"हातात दिवा आहे, बाई."

"तो ठेव आणि उतर. मीठ कुठे गेलं?"

तो उतरला. खुर्च्या सगळ्या लहान मुलांच्या. त्यातल्या एका पिवळ्या खुर्चीवर तो गुडघे छातीशी घेऊन बसला.

"रविवारी," तो म्हणाला. "चर्चमधून निघाल्यावर. वाचनालय बंद असतं."

"किती?"

"कधी पाच बादल्या. कधी सहा."

"पूर्वी चार होत्या ना रे!"

"पूर्वी काळजी नव्हती."

मला राग आला होता. सहा आठवडे मी चष्मा पुसून पुसून रंग जुळवले ते त्याच्या बादल्यांचे. पण त्याचा चेहरा पाहून आवाज चढेना. "कशासाठी केलंस?"

त्याने टाकीकडे बोट केलं. काचेपाशी मेयर आला होता. मेयर म्हणजे त्या टाकीतला सगळ्यात मोठा मासा. करडा, वीतभराहून लांब, ओठ नारिंगी रंगवल्यासारखे. कुणी आलं की काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पाहणी करायचा, म्हणून मुलांनी नाव ठेवलं मेयर, म्हणजे नगराध्यक्ष. दंतवैद्यांकडून आलेल्या तीन माशांपैकी तो एकटाच उरलेला. रोज चार वाजता लुमीर शेवाळाचं पान हातात धरायचा आणि तो हातातून ओरबाडून खायचा. दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसे. मी एकदा प्रयत्न केला होता, त्याने पाठ फिरवली.

"हा खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो," लुमीर म्हणाला. "मला आकडे आधीच माहीत होते. पाणी थांबवलं तर कुणीतरी म्हणणार, याला काढा."

"आणि खोट्या नोंदींवर टाकी राहिली असती, तर जूनमध्ये काय झालं असतं?"

तो म्हणाला, "वही फाडणार का?"

"फाडत नाही मी काही. रेघ मारीन."

"रेघ मारा. आणि का मारली तेही लिहा."

मी लिहिलं. रविवारच्या किल्ल्या त्याने स्वतः काढून माझ्या हातात दिल्या.

मग खरी परीक्षा सुरू झाली. डिसेंबरात आकडा दहावर गेला. नाताळानंतर वीस. जानेवारी संपताना पन्नास, नळीतला रंग बिटाच्या रसासारखा. प्रवाळांची निळी टोकं तपकिरी झाली, एका फांदीची साल गळाली. तेही मी लिहिलं. लुमीर रोज येऊन टाकीसमोर उभा राही, हात मागे बांधून, आजाऱ्याच्या खोलीत डॉक्टर येण्याची वाट पाहावी तसा. मेयरचं खाणं निम्मं केलं तर त्याचं पोट आत गेलं. ते लुमीरला दोन दिवसही बघवलं नाही.

फेब्रुवारीत मंडळातला व्हर्लिन ओमाहाहून आला. त्याच्या तळघरात सहाशे गॅलनची टाकी आहे. त्याने वही वाचली, टाकी पाहिली.

"टाकी घाण नाही, लुमीर. भाडेकरू मोठा आहे."

"अठरा वर्षं आहे तो इथे."

"तेच म्हणतोय. याला इथे वळायलासुद्धा जागा नाही. पाहिलंस कधी, वळताना शेपूट कशी दुमडतो ते?"

लुमीरने पाहिलं असणार. रोज पाहत होता. तो म्हणाला, "तुझ्याकडे कोण खायला घालतं?"

"मी. बायको घालते कधी."

"तिचे हात थंड आहेत का? थंड हाताला तो येत नाही."

व्हर्लिन हसला नाही, हे मला फार आवडलं. "गरम करून घालायला सांगतो," म्हणाला.

दगडा-प्रवाळांमधून एवढा मासा जाळीने धरणं म्हणजे टाकी उपसणंच. म्हणून व्हर्लिनने काचेसारखी पारदर्शक पेटी आणली होती, एका बाजूला सरकतं दार, त्याला दोरी; ती सोडली की दार बंद. पेटी पाण्यात ठेवली. चार वाजले. लुमीरने बाही वर केली आणि पान घेऊन हात पेटीत घातला.

मेयर आला. नेहमीसारखी एक फेरी मारली, आम्हा दोघांना पाहून घेतलं आणि सरळ पेटीत शिरून पान ओढायला लागला. दोरी लुमीरच्या दुसऱ्या हातात होती.

"सोड," व्हर्लिन हळूच म्हणाला.

"खाऊ दे त्याला."

मासा पूर्ण पान खाईपर्यंत लुमीर तसाच वाकून उभा राहिला. त्या गुडघ्यांवर. मग हात बाहेर काढून दोरी सोडली.

"लिहा, बाई," तो म्हणाला. "चार वाजून अकरा मिनिटं." आणि बाही खाली न करताच बॉयलर बघायला गेला.

मार्चअखेर आकडा वीसवर आला, एप्रिलमध्ये दहावर, आणि तिथेच थांबला. प्रवाळांची टोकं पुन्हा निळी झाली. बैठकीत विश्वस्तांनी विचारलं, महिन्यातून एकदा खरंच पुरतं का? मी वही पुढे केली, पण लुमीर आधी उभा राहिला. पहिले सहा आठवडे खोटे आहेत, रविवारी मी पाणी बदलत होतो, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मोठा मासा असताना पुरत नव्हतं, आता पुरतं, एवढंच पुढे बोलला आणि खाली बसला. एक सोडून सगळ्यांनी हात वर केले.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी आणि जोलीन पाणी बदलतो. बादल्या अर्ध्याच भरतो आणि आठ फेऱ्या मारतो. जूनच्या सोमवारी आम्ही खालून वर आलो तर लुमीर दारात उभा.

"मी आलो तर चालेल ना?"

"चालेल," जोलीन म्हणाली. "पण बादलीला हात लावायचा नाही."

"मग मी करू काय?"

"बस आणि सांग."

तो पिवळ्या खुर्चीवर बसला आणि तासभर आमच्या चुका सांगत होता. पाणी फार वेगाने ओतलंत, जोलीनच्या हाताला साबणाचा वास येतोय, दगडाचा कोपरा हलला, झाकण उलटं ठेवलंत. सव्वीस निघाल्या. सगळ्या तारखेसह लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या बावीस खऱ्या होत्या.