पाठकोऱ्या कागदांवरचा आराखडा

शाळेचा शिपाई म्हणजे तास संपला की घंटा देणारा, आणि तास चालू असताना कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. पोरं त्याला ठणठणनाना म्हणत. बत्तीस वर्षं नानानं घंटा दिली. एवढ्या वर्षांत त्यानं जे पाहिलं ते कुठल्या अधिकाऱ्याच्या बापानं पाहिलं नसेल. कारण अधिकारी येणार म्हटलं की शाळा आठ दिवस आधीपासून नटायला बसायची, नि नानापुढं नटावं असं कुणाला कधी वाटलंच नाही.

वर्गाच्या खिडकीतून त्याला मास्तर क्वचितच दिसे. मास्तर कचेरीत. खानेसुमारीचे तक्ते, मतदारांच्या याद्या, वरून मागवलेली माहिती, नि ती माहिती पोचली का याची वेगळी माहिती. वर्गात पोरं फळ्यावरचं उतरवून घेत असायची, चित्र काढावं तशी. अक्षर कसं, मोत्यासारखं! पण ओळीवर बोट ठेवून "हे काय लिहिलंस रे?" म्हणावं तर पोर नानाच्या तोंडाकडं बघत राहायचं. वर्ष सरलं की सगळी पुढच्या वर्गात. दावं सोडलं की गुरं पुढं, तशी.

हे दुसऱ्यांच्या पोरांचं होतं तोवर नाना हसण्यावारी न्यायचा. मग एका सकाळी बायकोच्या औषधाची बाटली त्यानं सातवीतल्या नातीपुढं धरली. चष्मा सापडत नव्हता. "वाच गं, किती चमचे द्यायचे ते."

पोरीनं बाटली फिरवून फिरवून पाहिली नि खाली ठेवली. "आजोबा, हे आमच्या पुस्तकात नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नानाला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

त्याच महिन्यात सरकारनं देशभरच्या शाळांचा कायदा नव्यानं लिहायला समिती नेमली. जनतेनं लेखी सूचना पाठवाव्यात, असं पेपरात छापून आलं. खाली अखेरची तारीख. नानानं ते कात्रण टोपीत घालून ठेवलं.

"अहो, देश सुधारायला निघालात," बायको म्हणाली, "आधी मोरीतला नळ तेवढा सुधारा. महिना झाला गळतोय."

"नळ एकट्याचा आहे. हे सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं ना? मग सगळ्यांना लिहू द्या की. तुम्हालाच कसली खाज?"

शाळा सुटली की नाना साहित्याच्या खोलीत मोडक्या बाकावर बसे नि लिही. पहिली तीन वर्षं वाचन आणि हिशेब, बाकी काही शिकवायचं नाही. वाचता येत नाही ते पोर पुढं ढकलायचं नाही, पण मागंही टाकायचं नाही. ते वाचेपर्यंत त्याच्या शेजारी एक माणूस बसवायचा. मास्तराच्या हातात खडू आणि पुस्तक, तिसरी वस्तू दिली तर देणाऱ्याला दंड. तपासणीला येणाऱ्यानं न सांगता यावं, त्या दिवशीचा पेपर उघडावा नि कुठल्याही तीन पोरांना वाचायला लावावं. आणि शाळांचे कायदे करणाऱ्यांची नातवंडं याच शाळांत बसवावीत, मग बघा. हे शेवटचं त्यानं दोनदा अधोरेखित केलं.

लिहिलं ते पाठकोऱ्या कागदांवर. कोऱ्या कागदाला हात लावायचा नाही, हा शाळेचा जुना शिरस्ता. चाचणीच्या जुन्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यानं पडलेल्या. एका बाजूला पोरांची उत्तरं, दुसरी कोरी. रजेचे अर्जसुद्धा तिच्यावर जात. एकसष्ट पानं भरली.

हेडमास्तरांनी ती उभ्यानं चाळली. "नाना, खरं आहे रे सगळं. फक्त माझं नाव कुठं घातलं नाहीस ना?"

"नाही सर."

"मग पाठव बिनधास्त."

नानानं पानं जुळवली, कोपऱ्याला दाभण मारलं, दोऱ्याची दुहेरी गाठ दिली नि गठ्ठा पाकिटात सारला. उत्तरपत्रिकांचे असे गठ्ठे त्यानं जन्मभर बांधले होते. हाताला वळणच पडलेलं. आणि त्या वळणानंच उत्तरांची बाजू वर राहिली.

अखेरच्या तारखेआधी चार दिवस पाकीट टपालात पडलं. मग नाना पोस्टमनची वाट पाहू लागला, नि बायको नळ गळताना पाहू लागली.

तिसऱ्या महिन्यात गठ्ठा परत आला. वर परीक्षा विभागाची छापील चिठ्ठी: 'आपला फेरतपासणीचा अर्ज मुदतीनंतर आल्याने विचारात घेता येत नाही. उत्तरपत्रिका सोबत परत केल्या आहेत.'

नानानं आधी गाठ पाहिली. त्याचीच होती. कुणी सोडलीही नव्हती.

त्याच आठवड्यात कायदा पेपरात आला. जनतेच्या सर्व सूचनांचा विचार केला आहे, असं सुरुवातीलाच लिहिलेलं. मास्तरांनी दर शनिवारी भरायचा एक नवा तक्ता त्यात निघाला होता.

"पुन्हा पाठवू का सर?" नानानं विचारलं.

"कुणाला? समिती कधीच उठली." हेडमास्तरांनी गठ्ठा उलटा केला, सुलटा केला. "दोन्ही बाजू भरल्या की रे. आता हा कशाच्याच कामाचा नाही. रद्दीत टाक."

तोही शिरस्ताच होता. नानानं गठ्ठा रद्दीच्या ढिगावर ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि जाऊन तास संपल्याची घंटा दिली.

नात त्या वर्षी आठवीत गेली.